ऑस्ट्रेलियाची बिग लॅप, आठ वर्षांच्या मुलीच्या सीटवरून

बिग लॅप म्हणजे व्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची राहायची कॅरॅव्हॅन, घेऊन अख्ख्या ऑस्ट्रेलियाला मारलेली चक्कर. तिच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेलं असतं. कुठली व्हॅन घेतली, बॅटरी लिथियमची की साधी, सोलर किती वॅटचं, डिझेल किती जळलं. मुलांबद्दल एकच वाक्य असतं, "मुलं काय, मजेतच असतात". आम्ही कालपरवाच मेलबर्नला परत पोचलोय, व्हॅन अजून दारात उभी आहे, कपड्यांचा ढीग पडलाय, आणि मला सगळ्यात जास्त राग या एका वाक्याचा येतोय. म्हणून हे लिहितेय, ज्यांच्या घरी सहा ते दहा-अकराच्या वयाचं मूल आहे आणि जे निघायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. व्हॅन रिव्हर्स करणं, ब्रेक कंट्रोलर, टो बॉलवर किती वजन येतं, हे तुम्हाला येतं असं धरून चाललेय.

पहिली गोष्ट, जी इथल्या लोकांना इतकी सवयीची आहे की कोणी लिहीतच नाही. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणीही बसू शकत नाही. कायद्याने बंदी. मूल पूर्ण वेळ गाडीत, मागच्या सीटवर, बूस्टरवर, बेल्ट लावून. सांगलीहून माझी आई दर व्हिडिओ कॉलला विचारायची, "गाडी चालू असताना पोरगी मागं झोपते का गं?" आणि खरं सांगायचं तर लेकीलाही तसंच वाटत होतं, कारण व्हॅन बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्या माणसाने तिला आतला झोपायचा बंक दाखवून "हे तुझं फिरतं घर" असं सांगितलं होतं. तिने बंकच्या छताला अंधारात चमकणारे तारे चिकटवले, शाळेत सगळ्यांना सांगितलं की मी झोपून चित्र काढत काढत जाणार आहे. पहिल्या दिवशी होर्शमच्या पुढे तिने विचारलं, "मी मागे कधी जाणार?" हे घरातून निघायच्या आधीच मुलाला स्वच्छ सांगा. घर मागे येतंय, तू गाडीत असणार, घर फक्त थांबल्यावर. मोटरहोम घेतलं तरी बेल्टची सीट सोडून फिरता येत नाही, त्यामुळे तो उपाय नाही.

आता नलारबोर, म्हणजे साऊथ ऑस्ट्रेलियातून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात जाताना लागणारा सपाट, ओसाड पट्टा. याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण आमच्या प्रवासातला सगळ्यात वाईट पट्टा हाच आणि लोक याला "अनुभव घ्यायलाच हवा" म्हणून मोकळे होतात. सेडुना ते नॉर्समन साधारण १२०० किलोमीटर. एकटे असाल, दोघं असाल तर खुशाल घ्या अनुभव. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दोन दिवसांत पार करायचा प्लॅन कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. आम्हाला असंच कोणीतरी सांगितलं होतं, दोन दिवसांत आरामात होतं म्हणून, आणि समोरून वारा असा की गाडी ऐंशीच्या वर न्यायची इच्छाच होईना, डिझेल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पीत होती आणि रोडहाऊसवर, म्हणजे रस्त्यावरच्या पंप-खानावळीत, डिझेल लिटरला अडीच डॉलरच्या वर. चार दिवस धरा. रोज तीनशे किलोमीटर, जास्तीत जास्त साडेतीनशे, दुपारी दोनला गाडी उभी. त्याच्या पुढे मूल रडत नाही, भांडत नाही, ते गप्प होतं, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. खिडकीला डोकं टेकून नुसती बसलेली. गोष्ट लावू का, नको. बिस्किट, नको.

आणि मेलेली कांगारू. हे कोणी लिहीत नाही. रस्त्याच्या कडेला सारखी दिसतात, रात्री ट्रकखाली येतात आणि सकाळी त्यांच्यावर गरुड बसलेले असतात, हे वेज-टेल्ड ईगल प्रचंड मोठे असतात आणि गाडी अगदी जवळ येईपर्यंत उठत नाहीत. पहिल्या दिवशी लेक मोजत होती, मग तिने मोजणं बंद केलं, मग विचारलं पिल्लू पोटाच्या पिशवीत असेल तर त्याचं काय होतं. उत्तर तयार ठेवा. आम्ही खरंच सांगितलं की कधीकधी पिल्लू जिवंत असतं आणि लोक त्याला वाचवणाऱ्या संस्थांकडे नेतात. त्याने तिला बरं वाटलं. "बघू नकोस" म्हणून काही होत नाही, समोरच असतं ते.

बॉर्डरवरचं क्वारंटाइन. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं, भाज्या, मध, बिया, झाडाचे भाग, सगळं काढून घेतात. हे बहुतेकांना माहीत असतं, आम्हीही आदल्या रात्री उरलेल्या बटाटे-कांदे-सिमला मिरचीची भाजी करून संपवली होती, मध कोणालातरी देऊन टाकला होता. पण लेकीचा बिस्किटांचा डबा होता, त्यात तिने मेलबर्नपासून जमवलेले गमनट (निलगिरीची सुकी फळं), वाळलेल्या शेंगा, एक बँक्सियाच्या झाडाचं बोंड. ते सगळं गेलं. इन्स्पेक्टर बाई खूप चांगली होती, खाली वाकून तिला समजावलं की यातून कीड जाऊ शकते, दगड मात्र माती पुसून ठेव म्हणाली. तरी लेक रिकामा डबा मांडीवर घेऊन युक्लापर्यंत रडत होती. तेव्हा मुलाला आधीच सांगा, बियाशेंगा जमवू नकोस, फोटो काढ, दगड जमव. परत पूर्वेकडे येताना हेच सेडुनाला होतं, ते ध्यानात ठेवा. इंडियन ग्रोसरी पर्थला भरपूर मिळते, त्यामुळे मेलबर्नहून सहा महिन्यांचं काही भरून नेऊ नका.

घड्याळाचं वेगळंच. साऊथ ऑस्ट्रेलिया आणि पर्थच्या वेळेत दीड तासाचा फरक, आणि मध्ये बॉर्डर व्हिलेज, युक्लाच्या आसपास स्वतःची एक वेळ पाळतात, पर्थच्या पाऊण तास पुढे. मोठ्यांना गंमत वाटते. मुलाचं पोट आणि झोप मात्र जुन्याच वेळेवर असते, म्हणजे संध्याकाळी साडेचारला भूक आणि पहाटे साडेचारला टक्क जागं. दोन-तीन दिवस जेवण लवकर ठेवा आणि सकाळी अंधारात गाडी काढायचा मोह टाळा, कांगारू त्याच वेळेला रस्त्यावर असतात.

या पट्ट्यात मुलासाठी चांगलं काय, तर मोजकंच पण खरं. हेड ऑफ बाइटला व्हेल जून ते सप्टेंबरमध्ये, आम्ही एप्रिलमध्ये होतो, एकही नाही, त्या महिन्यात तिथे मुलाला व्हेलची आशा लावू नका. बंडा क्लिफ्सवर, म्हणजे समुद्रावरच्या कड्यांवर, मुलाचा हात धरून उभे राहा, कठडा सगळीकडे नाही. केग्युनाच्या पश्चिमेला पाचेक किलोमीटरवर ब्लोहोल आहे, जमिनीतलं एक भोक, खाली चुनखडीच्या गुहा, हवेचा दाब बदलला की त्यातून वारा बाहेर येतो किंवा आत ओढला जातो. लेकीने त्या भोकावर तोंड धरलं तर सगळे केस उभे! इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसली. तिथून पुढे लगेच तो प्रसिद्ध सरळ रस्ता, १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. ब्लोहोलला अर्धा-पाऊण तास घालवा आणि मगच त्या रस्त्याला लागा. दुसऱ्या टोकाला बॅलडोनियाच्या रोडहाऊसमध्ये छोटं म्युझियम आहे, स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाश स्थानक १९७९ साली याच भागात कोसळलं त्याबद्दल. "अवकाशातून पडलेलं स्टेशन" या आशेवर तो सरळ रस्ता निघाला. एस्परन्सच्या म्युझियममध्ये स्कायलॅबचे तुकडे आहेत, आणि कचरा टाकल्याबद्दल तिथल्या कौन्सिलने नासाला ४०० डॉलर दंड लावला होता हे लेक आता भेटेल त्याला सांगते. रस्त्यावर मध्येच विमान उतरायच्या पट्ट्या रंगवलेल्या दिसतात, त्या फ्लाइंग डॉक्टरसाठी, म्हणजे विमानाने येणाऱ्या डॉक्टरांसाठी. तेही मुलाला आधी सांगितलं तर शोधायला एक काम मिळतं.

यूएचएफ रेडिओ, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांशी बोलायचा रेडिओ, नक्की लावा. ट्रकवाले चॅनेल ४० वर असतात, कॅरॅव्हॅनवाले १८ वर. मागून रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) आली की व्हॅन आधी ढकलली जाते आणि मग ओढली जाते, मुलाला ते मागच्या सीटवर चांगलंच जाणवतं, लेक घाबरायची. मग नवऱ्याने रेडिओवर बोलायचं काम तिला दिलं, "आम्ही हळू होतोय, तुम्ही पुढे जा". पलीकडून ट्रकवाला "थँक्स मेट" म्हणायचा. त्या दिवसापासून रोड ट्रेनची भीती संपली, उलट मागे वळून वाट बघायला लागली. सकाळी निघताना इंडिकेटर, ब्रेकलाइट तपासायचं कामही तिचंच, मागे उभी राहून ओरडायची, "डावा चालू, उजवा चालू, ब्रेक चालू!" स्क्रीनपेक्षा या कामांनी जास्त तारलं. आणि आजीने रेकॉर्ड करून पाठवलेल्या गोष्टींनी. नेटवर्क नसतं त्यामुळे सगळं आधी डाउनलोड करा, आणि सिम टेल्स्ट्राचंच घ्या, बाकीची त्या भागात शोभेची आहेत.

एस्परन्स, ऑल्बनी, मार्गारेट रिव्हर, पर्थ छान झालं, त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. मंकी माया: डॉल्फिन सकाळी किनाऱ्याशी येतात हे खरं, पण मासा भरवायला रेंजर मोजक्याच लोकांना बोलावतात. लेकीला नाही बोलावलं. दोन सकाळी हाताशी ठेवा. कोरल बे: जा, जा आणि जा. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरलं की प्रवाळ आणि मासे, बोटीचे पैसे भरायची गरज नाही, पोहता येणाऱ्या मुलासाठी अख्ख्या प्रवासातली सगळ्यात भारी जागा. कारिजिनी नॅशनल पार्कमध्ये मुलाला घेऊन हँकॉक गॉर्जच्या (गॉर्ज म्हणजे खोल घळ) कपारीत घुसू नका, डेल्स गॉर्जचा फर्न पूल पुरेसा आहे आणि सुंदर आहे.

आता लुटालूट. जुलैच्या सुट्टीत उत्तरेकडे, ब्रूमच्या बाजूला, एका कॅरॅव्हॅन पार्कमध्ये आम्ही पॉवर्ड साइटचे, म्हणजे विजेची सोय असलेल्या जागेचे, रात्रीला ९० डॉलरच्या वर दिले, तो दर दोन मोठ्यांचा. मुलाचे वेगळे. आणि कमीत कमी इतक्या रात्री राहायलाच हवं ही अट. मुलांसाठी म्हणून जे पैसे घेतले त्यात जंपिंग पिलो (उड्या मारायचा हवेचा मोठा फुगा) दुरुस्तीसाठी बंद, पूल "उद्या उघडेल", वॉशिंग मशीन नाण्यांवर. रिसेप्शनवर विचारलं तर खांदे उडवले. लेक रोज सकाळी त्या फुग्याच्या कुंपणाशी जाऊन बघून यायची की आज हवा भरली का. नाही भरली. पैसे मात्र पूर्ण घेतले. बुकिंग करायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: मुलाचे किती आणि कोणत्या वयापासून, पूल आणि पिलो आत्ता चालू आहे का, आणि नसेल तर मुलाचे पैसे कमी करणार का. तिसऱ्या प्रश्नाला आम्हाला पुढे दोन ठिकाणी सवलत मिळाली. वाद घालायला लाजू नका.

डार्विनकडे पाणी दिसलं की मूल धावतं, आणि तिथे मगरी आहेत. पाटी वाचल्याशिवाय पाण्याजवळ नाही, हा नियम घरात रोज एकदा मोठ्याने म्हणा. लिचफिल्डमधलं बुली रॉकहोल आणि माटरँकाचं कोमट पाणी, दोन्हीकडे त्या वेळी उघडं होतं आणि लेक तासन्‌तास बाहेर निघाली नाही. उलुरू, म्हणजे मधल्या वाळवंटातला तो प्रसिद्ध लाल खडक, आम्ही सोडलं. थ्री वेजच्या तिठ्याहून जवळजवळ हजार किलोमीटर एका बाजूला, परत तेवढंच यायचं, मुलाच्या अंगावर ते घालायची माझी तयारी नव्हती. विमानाने वेगळं करू. क्वीन्सलँडचा किनारा सोपा आहे, गावं जवळजवळ आहेत, काही सांगण्यासारखं नाही.

अभ्यास. शाळेला निघायच्या बऱ्याच आधी लेखी कळवा, आमच्या शाळेने प्रवासातल्या अभ्यासाचा प्लॅन करून दिला. गाडी चालवायच्या दिवशी अभ्यास होत नाही, प्रयत्नही करू नका, उलटी होते. थांबलेल्या दिवशी सकाळी दोन तास, पुरेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणीच सांगितलं नाही. मुलाला रस्त्याचा कंटाळा एक वेळ सोसतो, सारखं कोणाचातरी निरोप घेणं सोसत नाही. एकुलतं एक मूल असेल तर फारच. दुपारी चारला फ्री कॅम्पवर (फुकट मुक्कामाच्या जागेवर) कोणाचीतरी पोरं भेटतात, पाच मिनिटांत सायकली, अंधार पडेपर्यंत गळ्यात गळे, आणि सकाळी आठला त्यांची व्हॅन निघून जाते. असं पुन्हा पुन्हा. ब्रूमला पोचेपर्यंत लेकीने नवीन मुलांशी खेळायला जाणंच बंद केलं होतं. "उद्या जाणारच ना ते", म्हणाली. तिथे आम्ही प्लॅन मोडला. ॲडलेडची एक फॅमिली होती, दोन मुली, तेही डार्विनकडेच निघालेले, त्यांच्याबरोबर तारखा जुळवल्या, रोज एकत्र नाही, पण दर तीन-चार दिवसांनी एकाच कॅम्पवर. फिट्झरॉय क्रॉसिंगला त्यांची व्हॅन आधी लागलेली दिसली तेव्हा लेक बेल्ट काढायच्या आधीच ओरडत होती. तिथून पुढचा प्रवास तिच्यासाठी वेगळाच झाला, खरंच वेगळा, आणि आमच्यासाठीही.

हिवाळ्यात बहुतेक सगळे उत्तरेला चाललेले असतात, तेव्हा आपल्याच दिशेने जाणारी मुलंवाली फॅमिली पर्थच्या पुढे हमखास सापडते. पहिल्याच संध्याकाळी विचारा, पुढे कुठे, किती दिवस. नंबर घ्या. डार्विनची मिंडिल बीचची मार्केटं गुरुवारी आणि रविवारी, ड्राय सीझनमध्येच, भेटायला सोपी जागा आहे, तारीख तिथली ठरवा आणि मधला मार्ग ज्याचा त्याने करावा. त्यासाठी एखादी गॉर्ज, एखादा बीच सोडावा लागला तर सोडा.