‘अभिषिक्तांना हात लावू नका’ असं सुनावलं गेल्यावर: माझा अनुभव

प्रार्थनेच्या ग्रुपवर आलेला संदेश वचनाला धरून आहे की नाही, हे पवित्र शास्त्र उघडून तपासायला फार वेळ लागत नाही. खरा त्रास त्यानंतर होतो, आणि त्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

संदेश असा होता: याच वर्षी तुमची सगळी कर्जं फिटणार, यिर्मया 29:11 वर विश्वास ठेवा आणि दान पाठवा. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ असं देव सांगतो ती ही ओवी, म्हणजे शास्त्रातलं वचन, बहुतेकांना पाठ असते. मी आख्खा अध्याय वाचला. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने यरुशलेमेहून पाठवलेलं ते पत्र आहे. घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, असं तो लिहितो, कारण दहाव्या ओवीत परत येण्याची मुदत आहे 70 वर्षांची. आठव्या-नवव्या ओवीत तर बजावलंय की तुमच्यातले संदेष्टे परमेश्वराच्या नावाने खोटं सांगतात, त्यांच्याकडून फसू नका.

मी ग्रुपवर नम्रपणे विचारलं, ‘दहावी ओवी या संदेशात कशी बसते?’ उत्तर आलं, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, स्तोत्र 105:15.’ अभिषिक्त म्हणजे देवाने निवडलेले सेवक. आणि खाली ‘आमेन’ची रांग.

तिथे मी अडकले. देवाच्या सेवकाचा अवमान होऊ नये, ही भीती लहानपणापासून मनात रुजलेली असते. समोरून वचनच आल्यावर बोलायचं तरी काय? माझं खरंच चुकतंय का, या विचाराने झोप लागेना. शेवटी ते स्तोत्र बाराव्या ओवीपासून वाचलं. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब आहेत: संख्येने थोडके, परके, या राष्ट्रातून त्या राष्ट्रात भटकणारे. त्यांना इजा करू नका, असं देव राजांना धमकावतोय. उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात अबीमलेख राजाला स्वप्नात मिळालेली ताकीद याच जातीची. म्हणजे हे वचन बलवानांच्या हातून निराधारांना वाचवण्यासाठी आहे. शिकवण तपासू नका, असं त्यात अक्षरही नाही.

मग एकेक उलगडत गेलं. अभिषिक्त म्हणून दावीदाने शौल राजाला मारलं नाही, पण गुहेबाहेर येऊन, झग्याचा कापलेला काठ दाखवून, त्याला सगळ्यांदेखत जाब विचारला (1 शमुवेल 24). येशूचा शिष्य पेत्र चुकला तेव्हा प्रेषित पौल अंत्युखियात त्याला तोंडावर बोलला (गलती 2:11). बिरुयातले लोक पौलाचा संदेश ऐकूनही रोज शास्त्र उघडून खात्री करत, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालंय (प्रेषितांची कृत्ये 17:11). आणि मत्तय 4:6! तिथे सैतानही वचनच सांगतो, स्तोत्र 91 मधलं, पण ‘तुझ्या सर्व मार्गांत’ एवढे शब्द गाळून. येशू त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर देतो. हे वाचलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं. प्रश्न विचारणं हा अविश्वास नव्हे, हे मी आता ठामपणे सांगते.

पुढचं झटपट झालं. मत्तय 18:15 प्रमाणे संदेश पाठवणाऱ्या व्यक्तीला एकटं गाठून बोलले. दान दिलं नाही.

एक राहिलंच: ओवी कोणाच्या तोंडची आहे, ते आधी बघा. ‘आरंभ अल्प असला तरी शेवट समृद्ध होईल’ हे ईयोब 8:7 आशीर्वाद म्हणून सर्रास पाठवलं जातं. ते ईयोबाचा मित्र बिल्दद याचं बोलणं आहे, आणि ईयोबाचे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, असं देव 42:7 मध्ये स्वतः म्हणतो. भाकीत खरं ठरलं म्हणूनही हुरळून जाऊ नका, शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 13वा अध्याय वाचा: चिन्ह खरं ठरलं तरी दुसऱ्या देवांमागे नेणाऱ्याचं ऐकू नका, असं तिथे आहे. आणि तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका, खोटी अफवा पसरवू नको ही आज्ञा निर्गम 23:1 मध्ये आहे.

मंडळीतल्या एक वयस्क भगिनी साठवलेले पैसे पाठवायच्या बेतात होत्या. मी त्यांना काही समजावलं नाही, फक्त यिर्मयाचा अठ्ठाविसावा अध्याय काढून दिला. त्यांनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत मोठ्याने वाचला. खोटा संदेष्टा हनन्या ‘बाबेलात नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल’ म्हणतो आणि त्याच वर्षी मरतो, तिथे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘आता एकोणतिसावा पहिल्या ओवीपासून वाचू या.’