दूधसागर: रुळांवरून नेतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

सुरुवातीलाच सांगतो. पावसाळ्यात गोव्यातल्या दूधसागर धबधब्याला रुळांवरून चालत नेतो, ‘परमिशन आपलीच आहे’, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. आम्ही चौघांनी ठेवला नाही. माणशी अठराशे रुपये भरले आणि जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून गोवा एक्सप्रेसच्या जनरल डब्यात चढलो.

पहाटे घाटमाथ्यावरचं कॅसलरॉक स्टेशन सोडल्यावर गाडी घाट उतरू लागली. बाहेर मिट्ट काळोख. एका वळणानंतर डब्यात एकदम गारवा आला, दारातून पाण्याचे तुषार आत आले आणि चाकांचा खडखडाट बुडून जाईल असा घोष सुरू झाला. धबधबा हातभर अंतरावरून गेला आणि आम्हाला दिसलं काहीच नाही.

घाटाच्या पायथ्याशी कुळे स्टेशनवर उतरलो तर फलाटावर रेल्वे पोलीस उभे. पाठीवर सॅक आणि पायात ट्रेकिंगचे बूट दिसले की बाजूला घेत होते. रुळांवरून चालायला पूर्ण बंदी आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आमच्या ट्रेकवाल्याचा फोन तोवर बंद झाला होता. परवानगी वगैरे काही नव्हतीच. रुळांवर विनापरवाना चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2023 च्या जुलैत इथेच ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. मला पोलिसांचा राग आला नाही. या घाटात बोगद्यांमागून बोगदे आहेत, वळणावर समोरचं दिसत नाही आणि पावसाच्या आवाजात मागून आलेली गाडी ऐकू येत नाही. राग आला तो हे सगळं माहीत असूनही पैसे घेणाऱ्याचा. ते पैसे अजून परत आलेले नाहीत.

मग कुळ्यात दिवसभर बसून दुपारच्या परतीच्या गोवा एक्सप्रेसची वाट पाहिली. आणि तीच गाडी या सगळ्या प्रवासातली सर्वोत्तम गोष्ट ठरली.

कुळ्याला गाडीला जादा इंजिनं लागतात, कारण पुढे चढ 1:37 चा आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. 1888 पासून या घाटातून गाड्या धावताहेत आणि आजही त्या धापा टाकतच चढतात. हा संथपणाच आपल्या फायद्याचा. सोनालियम स्टेशन मागे पडलं, दोन-चार बोगदे गेले आणि दरीच्या बाजूला, ढगांच्या फटीतून, समोरच्या डोंगरावर तो दिसला. अख्खा. 310 मीटर म्हणजे चार कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी पुरे पडत नाहीत. पाणी पडतंय असं वाटतच नव्हतं, डोंगराच्या अंगावरून दूध उतू जात होतं. थोड्या वेळाने गाडी पुलावर आली आणि आता तो डोंगराच्या बाजूला, इतका जवळ की मान वर करूनही माथा सापडेना. पाणी आमच्या पायाखालून, पुलाखालून दरीत जात होतं. शेजारचा मित्र काही ओरडत होता, मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. जेमतेम मिनिटभर. मी भिजलो होतो, रात्रभर झोपलो नव्हतो, आणि त्या मिनिटासाठी मी पुन्हा तेवढाच प्रवास करीन.

म्हणून सल्ला असा. जाताना हा भाग अंधारात जातो, त्यामुळे परतीचं, दिवसाचं तिकीट आधी काढा. स्लीपरचंच काढा, एसीच्या बंद काचेवर बाष्प धरतं आणि हातात काही येत नाही. आधी दरीची बाजू, मग पुलावर डोंगराची बाजू, त्यामुळे एकाच खिडकीला चिकटून बसू नका. दारात लोंबकळू नका. आणि गाडी सिग्नलला थांबली तरी खाली उतरू नका, कुणीही उतरत असलं तरी.

ऑक्टोबरात पुन्हा गेलो, या वेळी कुळ्याहून जीपने. पावसाळ्यात ही वाट बंद असते. इथेही एक मध्यस्थ भेटलाच. काउंटरवर रांग मोठी आहे, माणशी बाराशे द्या, लगेच बसवतो, म्हणाला. काउंटरवर विचारलं तर दर निम्म्याहून कमी होता. जीप सात जणांत वाटली जाते, तुम्ही तीन-चारच असाल तर रांगेतलेच सोबती शोधा. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, त्याचं भाडं वेगळं लागतं. प्रत्येक पैशाची पावती मागा.

भगवान महावीर अभयारण्यातून ओढे ओलांडत जीप जाते, तो भाग मजेचा. खरा त्रास जीप थांबल्यावरचा. जेमतेम किलोमीटरभर वाट, पण तिला कुणी वाट म्हणू नये. मुळांचं जाळं, मग गुळगुळीत ओले धोंडे, आणि त्याच अरुंद जागेतून जाणारे आणि येणारे. सगळे ‘सोपं आहे, लहान मुलंही जातात’ म्हणत होते. माझ्यापुढे तीन जण आपटले, त्यातल्या एका काकांचं मनगट सुजलं. आमचा मित्र राजगड-तोरणा करणारा, तोही घसरला आणि गुडघा फोडून घेतला. क्रॉक्स, फ्लोटर्स, झिजलेले बूट नकोत. आई-वडिलांना नेणार असाल तर रविवार टाळा, पहिल्या जीपने जा. खाण्याची पिशवी हातात धरू नका, माकडं हिसकावतात.

खाली डोहापाशी पोचल्यावर पाणी सुंदर आहे, मासे पायाशी येतात. पण मान मागे टाकून बघताना वरचे टप्पे आखडतात आणि जुलैतला तो घोषही नसतो. जानेवारीनंतर तर पाणी फारच उतरतं, तेव्हा एवढा खटाटोप करू नये.

पुढचे दोन दिवस फोंड्यात देवळं पाहण्यात बरे गेले.

एकच फेरी जमणार असेल तर जुलै-ऑगस्ट आणि परतीची रेल्वे. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, एक कोरडा टी-शर्ट सॅकमध्ये वर, आणि कुळ्याहून गाडी सुटली की झोपायचं नाही.