मांस खावं का? ऑस्नाब्रुकमधला वाद आणि आपल्या घरातला

पुण्यात भाड्याची खोली शोधताना "फक्त शाकाहारी" ही अट आजही सर्रास वाचायला मिळते. जर्मनीत, मी राहते त्या ऑस्नाब्रुकमध्ये, खोली देताना माझ्या ताटात काय असतं हे कुणी विचारलं नाही. मांसाहारावरून कडाक्याचे वाद मात्र तिथेही होतात, अगदी कँटीनमध्ये रोज भेटणाऱ्या सहकाऱ्यांमध्येसुद्धा. फरक एवढाच, की त्या वादात खाणाऱ्याचं घराणं, संस्कार, जात यातलं काही येत नाही. येतात ती डुकरं, कोंबड्या आणि वासरं.

याला कारण आहे. ऑस्नाब्रुकच्या उत्तरेला फेश्टा आणि क्लोपेनबुर्ग हे जिल्हे आहेत. डुकरं आणि कोंबड्या इतक्या दाटीने पाळणारा भाग देशात क्वचितच दुसरा असेल. वसंत ऋतूत त्यांच्या मलमूत्राची स्लरी शेतांवर टाकतात, तेव्हा मैलोनमैल वास सुटतो. त्यातलं नायट्रेट भूजलात उतरतं, आणि ते रोखण्यात कमी पडल्याबद्दल 2018 मध्ये युरोपीय न्यायालयाने जर्मनीला दोषी धरलं. लोकांच्या डोळ्यांसमोर हे सगळं असल्यामुळे कायदेही हलले. 2021 पासून डुकराच्या पिल्लाचं खच्चीकरण भूल दिल्याशिवाय करता येत नाही. 2022 पासून अंडी उद्योगात नर पिल्लं मारण्यावर बंदी आली. अंडी घालणाऱ्या जातीचा नर मांसालाही परवडत नाही, म्हणून त्याआधी वर्षाला 4 कोटींहून जास्त पिल्लं अंड्यातून बाहेर आल्या आल्या मारली जात होती.

मांस खाण्याचं प्रमाणही तिथे उतरलंय. दहा-बारा वर्षांपूर्वी माणशी वर्षाला 60 किलोच्या आसपास असलेलं हे प्रमाण 2022 मध्ये सुमारे 52 किलोवर आलं. देशाच्या पोषण संस्थेने 2024 मध्ये सल्ला दिला, की मांस आणि सॉसेज मिळून आठवड्याला 300 ग्रॅमच्या वर जाऊ नये. सॉसेजवर जगणाऱ्या देशासाठी ही मोठी गोष्ट आहे.

मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच प्रश्नाने. माझी एक सहकारी दूधही घेत नाही. तिने विचारलं, "तू मांस खात नाहीस, मग दूध कसं चालतं? गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. गोऱ्हा झाला तर त्याचं काय होतं?" तिकडचं उत्तर तिला माहीत होतं: होल्स्टाइन या दुभत्या जातीचे गोऱ्हे कवडीमोलाने विकले जातात आणि त्यातले कितीतरी कोवळ्या मांसासाठी हॉलंडला जातात. आपल्याकडचं उत्तर मी आखाडात घरी आले तेव्हा शोधलं.

आमचं घर लोणी काळभोरला, सोलापूर रस्त्याला लागून. आषाढीच्या वारीला निघालेली तुकोबांची पालखी दारावरून जाते आणि त्याच आषाढाच्या शेवटी श्रावणाआधीचं मटण शिजतं. आजी माळकरी. घरात वशाट असलं की ते मागच्या अंगणात, वेगळ्या पातेल्यात. आजीने त्याला कधी हात लावला नाही आणि कधी कुणाला अडवलंही नाही. "आपण आपल्या तोंडापुरतं बघावं," एवढंच ती म्हणते. भाडेकरूचं ताट तपासणाऱ्या शहरात मला आजीचं हे वागणं फार मोलाचं वाटतं.

आमच्याकडून उरुळी कांचन जवळच. गांधीजींनी 1946 मध्ये तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. त्यांनी दूध सोडण्याचं व्रत घेतलं होतं आणि पुढे आजारपणात नाइलाजाने शेळीचं दूध घेतलं, ती सल त्यांना शेवटपर्यंत राहिली. त्यांचे शिष्य मणिभाई देसाई यांनी त्याच गावात 1967 मध्ये 'बाएफ' ही ग्रामविकासाची संस्था उभी केली. गोठवलेलं रेत शेतकऱ्याच्या दारात पोहोचलं, संकरित गाई आल्या आणि कोरडवाहू घरांत दुधाचा पैसा आला. हे फार मोठं काम आहे, आमच्या घराचाही त्यावर संसार चालला. पण संकरित गोऱ्हा औताला चालत नाही, आणि औताची जागा ट्रॅक्टरने घेतली. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. काकांना विचारलं, तर म्हणाले, "खोंड ठेवून काय करू, पोरी? वैरणीचा भाव बघितलास का?" 2012 आणि 2019 या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातले नर गोवंश सुमारे 30 टक्क्यांनी घटले. हे गोऱ्हे आणि म्हशीची रेडकं कुठे जातात, हे दूध पिणाऱ्या प्रत्येक शाकाहारी घराने विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मला सगळं मांस एका तागडीत तोलता येत नाही. माळावर चरलेला काकांचा बोकड आणि सहा आठवड्यांत दोन किलोचा होऊन ट्रकमध्ये कोंबला जाणारा ब्रॉयलर, या दोघांची आयुष्यं वेगळी आहेत. मी दोन्ही खात नाही, पण त्यांना सारखं म्हणणं खोटं ठरेल. मांसामुळे हवामान किती बिघडतं, याचे जर्मनीतले हिशेबही जसेच्या तसे इथे लावू नयेत. वर्षभरात माणशी 52 किलो खाणाऱ्यांनी आधी कमी करावं. आखाडात आणि जत्रेला मटण करणाऱ्या घराला मी ते सांगायला जाणार नाही.

आणि मुलांच्या ताटातलं अंडं तर मी मुळीच काढणार नाही. राज्यात नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं सुरू झालं होतं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. ज्या घरात डाळही पातळ होते, तिथल्या मुलाला ते अंडं मिळायलाच हवं. दुसरीकडे आपल्याकडची बहुतेक अंडी ज्या तारेच्या पिंजऱ्यातून येतात, त्यात कोंबडीला पंखही पसरता येत नाहीत, आणि तसले पिंजरे युरोपीय संघात 2012 पासून बंद आहेत. अंडं परत सुरू करा आणि पिंजरे मोडा, या दोन्ही मागण्या मी एकाच दमात करते आहे. काका म्हणतात, पिंजरे मोडले तर अंडं महाग होईल. होईल, थोडं होईल, आणि शाळेतल्या अंड्याचा तो वाढीव पैसा सरकारने भरावा, असं मी त्यांना सांगितलं.