फुलपुडीचा दोरा

डोंबिवलीहून सीएसएमटी किती लांब, असं विचारलं तर आमच्याकडे कुणी किलोमीटर सांगत नाही. फास्ट मिळाली तर सव्वा तास. मेगाब्लॉक असेल तर विचारूच नका.

त्यामुळे दादा न्यूयॉर्कला निघाला तेव्हा 'साधारण १२,५०० किलोमीटर' हे उत्तर आईने कानाआड केलं. "तास सांग."

"सोळा."

विमान रात्री २ चं. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे तिथे उतरेल तेव्हा त्याच दिवशी सकाळचे साडेसात. आईने बोटं मोजली. "म्हणजे साडेपाच तासांत पोचला की! आपली कोकणातली एसटी याहून जास्त घेते." परतीचं विमान सकाळी ११ ला सुटून इथे दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास येतं, हे कळल्यावर मात्र तिचा चेहरा पडला. येताना इतकं लांब?

खरं तर उलट आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. येताना तो पाठीशी असतो, म्हणून दीड-दोन तास वाचतात. पण आईचा विश्वास भिंतीवरच्या घड्याळावर. वाऱ्यावर कोण विसंबतं?

मग मी माळ्यावरून दादाचा शाळेतला पृथ्वीचा गोल काढला. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. गोलावर मात्र आईने सकाळच्या फुलपुडीचा दोरा मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरला आणि तो आपसूक वर सरकला. रशिया, स्वीडन, नॉर्वे, आइसलँडच्या जवळून, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाशी. ओल्या दोऱ्याला झेंडूची एक पाकळी चिकटली होती, ती नेमकी नॉर्वेवर बसली.

"इतक्या थंडीतून कशाला नेतात?"

"तोच जवळचा रस्ता आहे."

तोही पूर्ण मिळत नाही. दोरा सुरुवातीलाच पाकिस्तानवरून जातो आणि एप्रिल २०२५ पासून ते आकाश भारतीय विमानांना बंद. मी तिथे बोट लावून दोरा जरा खाली ओढला, तर न्यूयॉर्कचं टोक आईच्या चिमटीतून सुटलं. पुरेनाच.

विमानतळावर सोडायला आम्ही रात्री नऊलाच निघालो होतो. चाळीसएक किलोमीटरला दोन तास लागले, ऐरोलीच्या पुलावर तर आईने अर्धं रामरक्षास्तोत्र संपवलं. ते मात्र तिला लांब वाटलं नाही. सवय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला फोन आला. आई कणीक मळत होती, मी स्पीकर लावला.

"उतरलो गं. आता इमिग्रेशनच्या रांगेत उभा आहे."

"किती लांब आहे रे रांग?"

"दीड तासाची."

"मग ठीक आहे," आई म्हणाली आणि गोळा झाकून ठेवला.