गोरिला आणि भाताचं पिंजर

सुट्टीला खानापूरला माहेरी आलेय, आणि भावाची दोन नि शेजारची चार अशी सहा पोरं दिवे लागले की मला घेरून बसतात, आत्ती गोष्ट सांग म्हणून. यावेळी गोरिला निघाला, कारण धाकट्यानं मोबाईलवर दात विचकून छाती बडवणारा गोरिला बघितला आणि त्या दिवसापासून रात्री एकटा न्हाणीत जाईनाच. मला वाईट वाटलं खरं, इतक्या शांत जनावराचा आपण पोरांपुढं राक्षस करून ठेवलाय.

म्हणून ताकद, वजन असलं काही काढलंच नाही, सुरुवात झोपेपासून केली. गोरिला रोज संध्याकाळी नवीन अंथरूण करतो, मधे बसायचं, भोवतीची झाडंझुडपं, पाला आपल्याकडं ओढून खाली दाबायचा, गोल झालं की त्यात झोपायचं, सकाळी उठून सगळे पुढं. कालचं अंथरूण आज चालत नाही. बारकी पिल्लं आईजवळच झोपतात. एवढं ऐकल्यावर पोरं उठून गोठ्यात पळाली, पिंजर उपसलं (आईनं आरडाओरडा केला तो वेगळाच), आणि शेजारची पाच वर्षांची पोरगी मधोमध बसून दोन्ही हातांनी पिंजर पोटाशी ओढून घेऊ लागली, हुबेहूब तसंच, मी फक्त बघत बसले.

मग घरातली माणसं. नर बारा वर्षांच्या आसपास आला की त्याच्या पाठीवरचे केस पिकतात, चांदीसारखे होतात. कुठं चरायचं, दुपारी कुठं टेकायचं हे तो ठरवतो आणि एवढा मोठा बाप्या गप पडून असतो नि पिल्लं त्याच्या अंगावर चढून घसरगुंडी खेळतात. जेवण म्हणजे पाला, देठ, फळं, आणि डोंगरातल्या गोरिलांना बांबूचे कोवळे कोंब फार आवडतात, आपण पावसाळ्यात भाजीला आणतो तसले, हे ऐकून धाकटा एकदम जवळ सरकला.

छाती बडवतो ती मुठीनं नाही, पंजा ओंजळीसारखा करून, आणि तो आवाज किलोमीटरभर जातो. मोठ्या नराचा आवाज जाड असतो, त्यावरून लांबच्या नराला कळतं की हा केवढा आहे, मग मारामारी करायची वेळच येत नाही बहुतेक. पोरांनी ओंजळ करून करून बघितलं. शेपूट का नाही विचारलं, म्हटलं कौलावर नाचणाऱ्या वानराला आहे, आपल्याला आणि गोरिलाला नाही. नाकावरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या, तिथले लोक त्यावरूनच ओळखतात, की झालं, एकमेकांची नाकं तपासणं सुरू.

आपल्या भीमगडच्या जंगलात असतोय काय? नाही रे, लांब आफ्रिकेत. डोंगरातले तर रवांडा, युगांडा आणि काँगो एवढ्यातच, 2018 पर्यंतच्या मोजण्या मिळून सगळे 1063 भरले. कमी का झाले विचारल्यावर सांगावं लागलं, जंगल तोडलं, आपला सर्दीखोकला त्यांना लागतो, आणि हरणांसाठी लावलेल्या फाशात त्यांचे हातपाय अडकतात. थोरला म्हणाला, "आत्ती, आमच्या शेताकडं पण डुकरासाठी लावतात की फासा." मला लगेच बोलायला सुचलं नाही.

मग त्याला 2012 सालची गोष्ट सांगितली. रवांडात एका कळपातलं पिल्लू फाशात अडकून मेलं, आणि थोड्याच दिवसांनी त्याच कळपातल्या चार-चार वर्षांच्या दोघांनी फासा मोडला, फाशासाठी वाकवून ठेवलेल्या फांदीवर एकानं उडी मारून ती मोडली, दुसऱ्यानं दोरीचा फास सोडवला. गोरिलांच्या मागावर असणारा माणूस फासा मोडायला निघालाच होता, पण त्याच्याआधी या दोघांनीच उरकलं.

"चार वर्षांचे?" धाकट्यानं विचारलं. तो स्वतः चारचा आहे. परत सांग म्हणाला, आणि तीन वेळा सांगायला लावलं, प्रत्येक वेळी फांदी मोडली की पिंजरात धप्पकन उडी.

काल रात्री न्हाणीत एकटा गेला.