व्हिडिओवरून शिकवा, पण मूल त्याच्या डॉक्टरकडेच राहू द्या

टेलिमेडिसिन आणि टेलिमेंटरिंग यांची गल्लत अजूनही सर्रास होते. टेलिमेडिसिनमध्ये तज्ज्ञ स्क्रीनवरून मुलाला पाहतो, औषध सुचवतो आणि उपचाराची जबाबदारी उचलतो. मेंटरिंगमध्ये मूल त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा नर्सकडेच असतं, निर्णयही त्यांचाच. तज्ज्ञांची टीम त्या डॉक्टरला तयार करते, म्हणजे त्याच तक्रारीचं पुढचं मूल आलं तर त्याला कुणाला विचारावं लागू नये. हा फरक तज्ज्ञांना मनापासून पटलेला नसेल, तर बघता बघता सगळा कार्यक्रम ऑनलाइन ओपीडी होऊन बसतो.

या पद्धतीचं सगळ्यात ठाऊक असलेलं रूप म्हणजे 'प्रोजेक्ट एको'. न्यू मेक्सिको विद्यापीठातले यकृततज्ज्ञ संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपेटायटिस सीसाठी ते सुरू केलं. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ४०७ रुग्णांचा अभ्यास आला. विषाणू हटण्याचं प्रमाण विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के, तर व्हिडिओवरून मेंटरिंग घेणाऱ्या गावाकडच्या दवाखान्यांत आणि तुरुंगांत ५८.२ टक्के निघालं. थोडक्यात, नीट पाठबळ मिळालं तर साधा डॉक्टरही तज्ज्ञाच्या तोडीचे उपचार देऊ शकतो. पुढे ही पद्धत ऑटिझम, दमा, अपस्मार, नवजात बाळांची काळजी अशा मुलांच्या प्रश्नांकडेही वळली.

अशा मेंटरिंगचं सेशन, म्हणजे आधी तज्ज्ञांचं व्याख्यान आणि मग एखाद्या डॉक्टरने किंवा नर्सने मांडलेली मुलाची केस, साधारण तासाभराचं, फार तर दीड तासाचं, आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. व्याख्यान १५ ते २० मिनिटांत संपलंच पाहिजे. ते लांबलं की कात्री लागते ती केसच्या वेळेला, आणि खरं शिकणं तर केसमध्येच होतं. म्हणून समन्वयकाच्या हातात घड्याळ हवं, आणि ज्येष्ठ प्राध्यापकालाही थांबवण्याची मुभा हवी.

केसचा क्रम मोडू नये. मांडणारा पाच मिनिटांत मुलाची माहिती आणि आपला प्रश्न सांगतो. मग शंका विचारायच्या, त्याही आधी इतर केंद्रांनी, म्हणजे सेशनला जोडलेल्या दवाखान्यांनी, आणि नंतर तज्ज्ञांनी. सूचनांचंही तसंच: आधी केंद्रं, शेवटी तज्ज्ञ. ऐकायला हा शिष्टाचार वाटेल, पण तज्ज्ञ एकदा बोलले की बाकीच्यांचे माइक म्यूटच राहतात. दुसऱ्या केंद्रातल्या नर्सने अशाच बाळाच्या आईला दूध पाजण्यासाठी कसं बसवलं होतं, ही माहिती मग कधी बाहेरच येत नाही. शेवटी समन्वयक सगळ्या सूचना मोजक्या वाक्यांत वाचून दाखवतो, आणि एक-दोन दिवसांत त्या लेखी पाठवतो. लेखी कागद गेला नाही, तर पुढच्या आठवड्यापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच डोस असतो.

केस फॉर्म हा या सगळ्याचा कणा. एका पानात बसेल एवढाच ठेवा, पण वरच्या ओळीत तीन गोष्टी सक्तीच्या करा: वय (दोन वर्षांखाली महिन्यांत, पहिल्या महिन्यात दिवसांत), आज घेतलेलं वजन, आणि मांडणाऱ्याचा प्रश्न. 'कृपया मार्गदर्शन करावं' हा प्रश्न नव्हे. 'तीन दिवस औषध देऊनही श्वास जोरात चालतोय. औषध बदलू की पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवू?' हा प्रश्न. असा प्रश्न लिहितानाच अर्धा विचार होऊन जातो. फॉर्म दोन दिवस आधी आला, तर समन्वयक फोन करून राहिलेल्या जागा भरून घेऊ शकतो.

वजनाचा आग्रह का, हे न्यूमोनियाच्या एका डोसवरून बघा. फॉर्मवर पुष्कळदा 'अमॉक्सिसिलिन, एक चमचा, दिवसातून दोनदा' एवढंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे एका वेळी किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास, दिवसातून दोनदा. म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी ४०० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं पातळ औषध असेल तर ते होतात १६ मिलिलिटर, आणि २५० मिलिग्रॅमचं असेल तर ८. एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर धरला, तर पहिल्या बाटलीतून मुलाला जेमतेम तिसरा हिस्सा मिळतोय. अशा वेळी 'औषध लागू पडलं नाही' म्हणून वरचं अँटिबायोटिक सुचवणं ही धोक्याची चूक. म्हणून बाटलीच्या लेबलचा फोटो मागवा, आणि हे गणित तज्ज्ञांनी न करता मांडणाऱ्याला सगळ्यांसमोर, पण सन्मानाने, करू द्या. पुढच्या वेळी त्याचा हात आपोआप लेबलकडे जातो.

फॉर्मवर नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा, नोंदणी क्रमांक काही नको. केस क्रमांक पुरे. लेबलच्या किंवा एक्स-रेच्या फोटोत कोपऱ्यात नाव राहून जातं, तेवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. मुलाचा व्हिडिओ दाखवायचा तर पालकांची लेखी संमती हवी. सेशनचं रेकॉर्डिंग ठेवणार असाल, तर तेही आधी सांगायला हवं.

व्हिडिओ काढण्याचं तंत्र शिकवावं लागतं, ते कुणाला आपसूक येत नाही. श्वासाचा वेग दाखवायचा असेल तर मूल शांत असावं, रडत किंवा दूध पीत नसावं. सदरा वर घ्यावा, फोन आडवा आणि स्थिर ठेवावा, छातीचा खालचा भाग आणि पोट दोन्ही चौकटीत यावेत. प्रकाश बाजूने पडला की छाती आत ओढली जाताना खळगा दिसतो. समोरून फ्लॅश मारला की तोच खळगा गायब. पूर्ण ६० सेकंद घ्या, कारण १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर लहान बाळात आकडा सहज चुकतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद. सगळ्या केंद्रांनी तो व्हिडिओ एकत्र मोजावा आणि आपापला आकडा चॅटमध्ये टाकावा. आकडे किती वेगवेगळे येतात हे दिसलं की पुढचं फारसं समजवावं लागत नाही. त्वचेचा रंग मात्र स्क्रीनवर ठरवू नका. कावीळ आणि निळेपणा दोन्हींत कॅमेरा फसवतो. तिथे रक्तातल्या बिलिरुबिनचा (कावीळ मोजणारा) आकडा आणि ऑक्सिमीटरचं वाचन मागा, आणि ऑक्सिमीटरवर नुसता आकडा नको, नाडीची लाटही नीट दिसायला हवी.

हाताचं कौशल्य दुरून शिकवता येत नाही, असं म्हणणारे बरेच आहेत. माझं मत वेगळं आहे, पण त्याला अटी आहेत. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला बॅग-मास्कने श्वास देण्याचा सराव घ्या. दोन्ही टोकांना बाहुली हवी, आणि केंद्रात एक माणूस फक्त कॅमेरा धरायला. कॅमेरा बाहुलीच्या बाजूला, तिच्या छातीच्या पातळीवर ठेवावा. वरून धरला तर मास्क दिसतो, पण छाती उचलतेय का ते कळत नाही, आणि बघायचं असतं तेच. छाती उचलत नसेल तर मास्क नाकाजवळ सुटलाय का, मान फार मागे गेलीय की पुढे वाकलीय, तोंड मिटलेलं किंवा स्रावाने भरलेलं आहे का, हे क्रमाने तपासायला लावा. वेग मिनिटाला ४० ते ६०, पण मेंटरने टाळ्या वाजवून ताल धरायचा नाही. आवाज पोचायला आणि परत यायला वेळ लागतो, त्यामुळे दोन्हीकडे ताल चुकतो. करणाऱ्यानेच मोठ्याने मोजायचं, मेंटरने फक्त बघायचं. बाळ जन्मल्यापासून एका मिनिटाच्या आत पहिला श्वास दिला गेला पाहिजे, तेव्हा घड्याळही केंद्रातच लावा. आणि सेशन संपलं की बॅग सुटी करून, स्वच्छ करून, पुन्हा जोडून दाखवायला सांगा. झडप उलटी बसवणं ही नेहमीची चूक आहे आणि ती कॅमेऱ्यासमोर लगेच सापडते.

नेटवर्क जाणारच. स्लाइड आणि केस आधी पाठवून ठेवा, अडचण आली की तज्ज्ञांनी आपला कॅमेरा बंद करून आवाज वाचवावा, आणि अगदीच तुटलं तर मांडणाऱ्याला फोनवरून जोडून घ्यावं. मूल गंभीर असेल तर सेशनची वाट बघायची नाही, सरळ पुढे पाठवायचं. हे वाक्य केस फॉर्मच्या माथ्यावर छापलेलं असावं.

राहिलं मोजमाप. हजेरीचा आकडा सोपा असतो, म्हणून अहवालात तोच मिरवतो, पण त्यातून मुलांचं काय झालं ते कळत नाही. प्रत्येक केस सहा ते आठ आठवड्यांनी दोन मिनिटांसाठी परत आणा: सूचना पाळली गेली का, नसेल तर कुठे अडलं, मूल कसं आहे. औषध मिळालं नाही, आजीने नको म्हटलं, वजनकाटा बिघडलेला होता, अशी उत्तरं येतात, आणि पुढच्या व्याख्यानाचे विषय तिथूनच निघतात. केस फॉर्ममध्ये वजनाची जागा भरलेली येतेय का, पुढे पाठवलेल्या मुलांपैकी खरोखर किती पोचली, पाठवण्याआधी पहिला डोस दिला होता का, एवढे तीन आकडे दर तिमाहीला काढले तरी पुरे. काढायचे मात्र केंद्रांनी, हबने (तज्ज्ञांच्या टीमने) नव्हे.