तीन मिनिटं

३१ जुलै, रात्रीचे दहा

आज मध्यरात्री मासेमारीची बंदी संपते. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. शेजारच्या चार बोटी दुपारच्या भरतीवर हर्णै बंदरात गेल्यासुद्धा. आमची मात्र अजून आंजर्ल्याच्या खाडीतच आहे. तरी आज झोप चांगली लागेल. त्याआधी दिवस कसा गेला ते लिहून ठेवतो.

सकाळी सातला झाप काढले, सायलेन्सरच्या तोंडावर उपडा घातलेला डबा काढला. सेल्फ मारायच्या आधी पहारीने फ्लायव्हील दोन फेरे हाताने फिरवलं. पावसाचं पाणी एखाद्या सिलिंडरमध्ये उतरलेलं असलं आणि तसाच सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. फ्लायव्हील मोकळं फिरलं. बॅटऱ्या घरून चार्ज करून आणल्या होत्या, दोन्ही १२.६ व्होल्ट. टर्मिनलवरचा हिरवा क्षार गरम पाण्याने धुतला, पॉलिश पेपर मारला.

सेल्फ जोरात फिरला, इंजिन लागलं नाही. बाबा वर सायलेन्सरकडे बघत उभे होते. "धूर नाय," म्हणाले.

एवढ्यात अर्धं काम झालं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा इतकी दाबली जाते की पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण जळत नाही असं समजलो असतो, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल आणि कॉम्प्रेशन बघितलं असतं. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. इंजिन बंद करायची स्टॉपची वायर अडकली नाही ना ते पाहिलं. टाकीचा कॉक उघडा होता.

फिल्टरची वाटी सोडली तर तळाला पाणी, आणि पाण्यावर तपकिरी, शेवाळासारखा चिकट थर. बंदीआधी टाकी अर्धीच ठेवली होती, कारण भरायला पैसे नव्हते. रिकाम्या अर्ध्या भागात पावसाळी हवा राहते, रात्री टाकीला आतून घाम येतो आणि ते पाणी डिझेलच्या खाली बसतं. त्या दोघांच्या मध्ये हे शेवाळ वाढतं; आपण शेवाळ म्हणतो, खरं तर ते जिवाणू आणि बुरशी. दोन्ही फिल्टर बदलले. मग एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली हवा, काढली: आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहिलो, फेस थांबून नितळ डिझेल यायला लागल्यावर आवळला. मग नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या डिझेल पंपावरचा स्क्रू. शेवटी दोन नोझलचे नट अर्धा फेरा सोडून दहा-दहा सेकंद सेल्फ, मध्ये सेल्फला विश्रांती.

इंजिन लागलं. पांढरा धूर आला, मग विरळ झाला. बाबांनी लगेच दोर सोडायला माणूस पाठवला. तीन मिनिटं झाली असतील, आवाज खाली आला, दोनदा गचके खाल्ले आणि इंजिन बंद. पुन्हा एअर काढली, पुन्हा लागलं, पुन्हा तीन मिनिटांत बंद.

"लागतंय ना? चल, भरती आहे तोवर बाहेर काढू. बंदरात बघू काय ते," बाबा म्हणाले.

मी नाही म्हटलं. बाबांना असं तोंडावर नाही म्हणायची माझी पहिलीच वेळ. खाडीच्या तोंडाशी गाळ साचून वाट अरुंद झालीय, भरतीलाच बोट निघते. तिथल्या लाटेत इंजिन बंद पडलं, तर नांगर धरेपर्यंत बोट आडवी होते. "बाबा, तोंड ओलांडायला दहा मिनिटं लागतात, आणि हे तीन मिनिटं चालतंय." ते काही बोलले नाहीत, बिडी पेटवून वर जाऊन बसले.

मला डिझेल पंपाचा संशय होता. पंप उतरवायला पाना हातात घेतलाच होता, तेवढ्यात मिस्त्री चाचा आले. म्हणाले, "पंपाला हात लावू नकोस. आधी तो दोषी आहे हे दाखव." त्यांनी पाच लिटरचा कॅन स्वच्छ डिझेलने भरून इंजिनच्या वर उंच बांधला आणि पारदर्शक नळीने सरळ फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, जोडला. टाकी बाद, टाकीकडून येणारी सगळी लाइन बाद. इंजिन चाळीस मिनिटं एका सुरात चाललं. पंप ठीक, नोझल ठीक.

मग तीच नळी टाकीच्या लाइनमध्ये घातली. टॉर्च लावली तर आत बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीतल्यासारखे, एकामागून एक. पण लाइन बाहेरून कोरडी होती, एक थेंब कुठे नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही; तिथे भेग पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून नजरेला काही दिसत नाही. चाचा एकेका जोडाला ग्रीस फासत गेले. फळीमागच्या क्लिपवर ग्रीस लावलं आणि बुडबुडे थांबले.

त्या क्लिपखालची नळी मी दोन वर्षांपूर्वी टाकली होती. डिझेलची मिळाली नाही म्हणून साधी रबरी आणली होती. कापून पाहिली तर क्लिपखाली नखाएवढी भेग, रबर चिकट होऊन फुगलेलं. माझ्या हातून झालेलं हे काम आमच्या चार माणसांना त्या तोंडात अडकवू शकलं असतं, हे दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

दापोलीहून डिझेलची नळी आणि तांब्याचे नवे वायसर आणले. संध्याकाळी जागेवरच तासभर इंजिन चालवलं. चाचांनी पारदर्शक तुकडा तेवढ्यापुरताच ठेवला होता, गरमीने तो मऊ पडतो. बाबा तो काढेपर्यंत टॉर्च घेऊन त्याच्यासमोर उकिडवे बसून होते. एकही बुडबुडा आला नाही. उठताना म्हणाले, "त्या शेवाळाचं काय?"

सकाळी टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढायचं, चार फिल्टर जास्तीचे ठेवायचे. भरती आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा आहे.